तोंड फाटकाकडे

सुभेदारांची पाठ मी आधी ओळखायला लागले, चेहरा नंतर. देवळालीला त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहायला गेले, तेव्हा पहिले काही महिने घरमालक मला दिसायचे ते पाठमोरेच. जिन्याच्या मधल्या पायरीवरून आवाज यायचा, "बाई, टाकीत पाणी कमी आहे!" हातातलं टाकून मी बाहेर यावं तर जिना रिकामा. कठड्यावरून वाकून बघितलं की दिसायची ती ताठ पाठ, पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि माणूस फाटकाकडे निघालेला. पाणी कमी म्हणजे किती कमी, येणार कधी, आज कपडे धुवायचे की नाही, हे विचारायचं कुणाला? कठड्याला?

याची चुणूक मला खोली बघायला गेले तेव्हाच मिळाली होती. सुभेदार दारात उभे. या नाही, बसा नाही. पाणी सकाळचंच, फाटकाला कडी लावायची, गच्चीत काही वाळत घालायचं तर आधी सांगायचं, असं सगळं एका दमात सांगितलं आणि माझ्या तोंडून "पण" निघायच्या आत गेलेसुद्धा. मी पिशवी धरून तशीच उभी. मग आतून त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत आल्या. सिन्नरकडच्या, ठेंगण्या, हसऱ्या. "आता मला विचार," त्या म्हणाल्या. "त्यांचं बोलून झालं की ते निघत्यात. उरलेलं माझ्याकडं असतं." त्या दिवसापासून त्या माझ्या काकू झाल्या. सुभेदारांना मात्र मला कधी काका म्हणता आलं नाही. नातं लावायचं तर माणूस जरा वेळ समोर थांबायला हवा. सगळ्या गल्लीसारखी मीही त्यांना सुभेदारच म्हणायला लागले.

मी मूळची मालेगावची. आमच्याकडे पाहुणा "येतो बरं का" म्हणाला की खऱ्या गप्पांना सुरुवात होते. उंबऱ्यात एक गप्पा, ओट्यावर दुसऱ्या, फाटकाशी तिसऱ्या, आणि रिक्षा सुरू झाल्यावर एकदम आठवतं की ज्यासाठी आलो ते बोलायचंच राहिलं. अशा घरातून आलेल्या मला सुभेदार म्हणजे नवलच होतं. त्यांची स्कूटर अंगणात नेहमी तोंड फाटकाकडे करून उभी असायची. बाहेरून आले की आधी फाटकाबाहेरच गाडी वळवायची, मग मागे ढकलत आत आणायची, आणि मगच घरात पाऊल. पाऊस असो, हातात भाजीच्या पिशव्या असोत, वर मी खिडकीत हसत असो, हा विधी चुकायचा नाही. स्कूटरचे दोन्ही आरसे त्यांनी काढून टाकले होते. निघालेल्या माणसाला मागचं बघून काय करायचंय, हा त्यांचा सवाल. बुटांच्या नाड्याही काढलेल्या. घालायला वेळ लागतो म्हणून.

लग्नाला त्यांच्याबरोबर गेलं की माझी हसून मुरकुंडी वळायची. कार्यालयाच्या दारात स्कूटर, तोंड रस्त्याकडे आणि इंजिन चालू. सुभेदार बूट न काढता मांडवाच्या कडेला उभे. पहिलं मंगलाष्टक संपून "सावधान" झालं की मूठभर अक्षता एकाच झटक्यात फेकायच्या आणि पाठ फिरवायची. दुसरं मंगलाष्टक सुरू होईपर्यंत स्कूटर मुख्य रस्त्याला लागलेली. कुणाच्या घरी कुणी गेलं, तर जाऊन "वाईट झालं" म्हणायचं आणि परत. गल्लीला सवय झाली होती. कुणी रागवायचं नाही. "सुभेदार येऊन गेले," एवढंच म्हणायचे. चहा मात्र त्यांना कुणी विचारायचंच नाही, कारण चहाला ते कुठेच थांबायचे नाहीत. आधण ठेवल्याचा आवाज आला की चालू लागायचे.

सुभेदार जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेले तेही तसेच. सकाळी फिरून आले, "जरा पडतो" म्हणाले आणि कुणाला काही बोलायला न देता निघून गेले. त्या दिवशी मला रडू आलं आणि रागही आला.

तर हे सगळं आलं कुठून? ते मला एका उन्हाळ्याच्या दुपारी कळलं. देवळालीत तोफखान्याचा फायरिंगचा सराव सुरू झाला की घरादाराच्या काचा वाजतात. नवा माणूस दचकतो, जुना माणूस कपबशी जरा आत सरकवतो. मी खाली ओट्यावर काकूंबरोबर बसून शाळेचे पेपर तपासत होते. लांबून एकामागून एक असे आवाज आले, की मला वाटलं कुणी पत्र्यावरून बैल पळवतंय. सुभेदार अंगणात उभे होते. त्यांचा चेहरा असा उजळला, की मी लाल पेन खाली ठेवलं.

"ही आमची," ते म्हणाले. "तोफ नाही. रॉकेटची गाडी."

त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्याशी सलग बोलले. अर्थात उभ्यानंच. माझा खडूंचा खोका त्यांनी उचलला, झाकण काढलं आणि खडूंची तोंडं आभाळाकडे तिरकी करून धरला. असा ट्रक असतो, म्हणाले. मागे नळ्याच नळ्या रचलेल्या, प्रत्येक नळीत एक रॉकेट. ठरलेल्या जागी ट्रक येतो, लोखंडी पाय जमिनीला टेकवतो म्हणजे हलायला नको. नळ्या वर उचलतात. मग सगळी रॉकेटं एकामागून एक, पापणी लवायच्या आत म्हणा ना, सुटतात. जातात कुठे? डोंगरापलीकडे, नजरेच्या कितीतरी पलीकडे. पण सुटताना एवढा धूर आणि एवढी धूळ उठते, की शत्रूला लांबूनच तुमचा पत्ता कळतो. आता त्याचा मारा नेमका त्याच जागेवर येणार. म्हणून शेवटचं रॉकेट सुटलं की पाय वर घ्यायचे आणि पळ काढायचा. त्याचं उत्तर येईल तेव्हा तिथे नुसती जळलेली जमीन असली पाहिजे.

"सोडा, उचला, निघा," सुभेदार म्हणाले. "किती पोरं शिकवली मी या तीन शब्दांवर."

मी मास्तरीण. मला प्रश्न पडल्याशिवाय राहवत नाही. म्हटलं, सुभेदार, पण ते पडतं कुठे, काय होतं पलीकडे, ते तुम्हाला दिसतं का? त्यांनी खडूंचा खोका बंद करून माझ्यापुढे ठेवला. "सोडणाऱ्याला दिसत नाही, बाई. ते आमचं काम नाही," म्हणाले, आणि स्कूटर चालू करून गेलेही. पेट्रोल भरायचं होतं म्हणे.

ते दिसेनासे झाल्यावर काकूंनी मला उरलेलं सांगितलं. उरलेलं त्यांच्याकडेच असायचं. रॉकेटच्या गाडीवर यायच्या आधी सुभेदार साध्या तोफेवर होते. सरहद्दीवर कुठेतरी. तोफ डागून झाली होती आणि जागा बदलायचा हुकूम झाला होता. त्यांच्याच गावचा एक दोस्त स्टोव्हपाशी बसला होता. तो म्हणाला, चहा उकळतोय, एवढा घेऊन निघू. सुभेदार गाडीत जाऊन बसले आणि त्याला हाका मारत राहिले. तो हात वर करून म्हणाला, उकळू दे रे. तेवढ्यात पलीकडचा गोळा आला. "तवापासून हे चहाला थांबत नायत," काकू म्हणाल्या. "माझ्या हातचा चहाबी उभ्यानं, कोमट करून पित्यात. लगीन झालं तवा मला वाटायचं, माझ्या हाताला चव नाय." मग त्या पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. माझं त्या दिवशी पेपरात लक्ष लागलं नाही. लग्नातल्या अक्षतांवर मी परत कधी तशी हसले नाही.

पण रणांगणावर जे शहाणपण असतं ते घरात आणलं की घराचं काय होतं, ते मी वरच्या गॅलरीतून बघितलं.

सुभेदारांना एकुलती एक मुलगी. बापासारखी ताठ, आईसारखी हसरी. पॉलिटेक्निक करून सातपूरला एका कारखान्यात ड्रॉइंगचं काम करायची. तिथेच तिची एका मुलाशी ओळख झाली. हरसूलकडचा, डोंगरातल्या कोकणा आदिवासी घरातला. भात-नागलीची थोडी शेती, घरात शिकलेला तो पहिलाच. मशीनवर उत्तम काम करायचा, गोड बोलायचा. मला तर तो बघताक्षणी आवडला होता. पण सुभेदारांच्या पोटात जात होतीच. फौजेत सगळ्या जातींच्या पोरांबरोबर एका ताटात जेवलेला हा माणूस. जावई म्हटल्यावर मात्र त्याला आपल्यातला हवा होता.

मुलीनं त्याच्याशी लग्न करायचं सांगितलं तेव्हा सुभेदार नेहमीप्रमाणे दारातच उभे होते. फौजी कॅन्टीनमधून सामान आणायला निघाले होते. त्यांनी तिचं ऐकलं. मला वर गॅलरीत त्यांचा आवाज स्पष्ट आला. ओरडले नाहीत. पाण्याबद्दल सांगायचे त्याच सुरात म्हणाले, "जायचंय तर जा. माझ्या रेंजमध्ये परत दिसायचं नाही." आणि स्कूटर निघाली.

पुढचं मी बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. मुलगी तशीच अनवाणी फाटकाबाहेर धावली. स्कूटरच्या मागे, थेट नाक्यापर्यंत. काहीतरी म्हणत होती, हात वर करून. स्कूटरला आरसे नव्हते. नाक्यावर कडुनिंबाखाली ती थांबली, थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिली, मग सावकाश परत आली. सुभेदार साबण, तेल, चहापत्ती घेऊन परत आले तेव्हा ती पिशवी भरून गेलेली होती. ती काय सांगायला धावली होती हे मी आणि काकू कितीदा बोललो असू. काकूंना वाटायचं, माफी मागायला. मला वाटायचं, भांडायला.

त्यानंतर वर्षं गेली. सुभेदारांनी तो विषय काढला नाही. कुणी विचारलं तर "सातपूरला असते" म्हणायचे आणि चालू लागायचे. काकू दर शनिवारी गुडघ्याच्या डॉक्टरकडे म्हणून बसनं जायच्या ते मुलीकडे. हे सुभेदारांना ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी विचारायचे, "गुडघ्याला बरं आहे ना?" आणि उत्तर यायच्या आत गच्चीवर. नात झाली तेव्हा गुडघा जरा जास्तच दिवस दुखला. काकू परत आल्या त्या रात्रीच्या भाकरीला सुभेदारांनी तूप मागितलं नाही, नुसती कोरडी खाल्ली, एवढंच काकूंनी मला सांगितलं.

याच वर्षांत कारगिल झालं. तेव्हा माझ्याकडे नवा टीव्ही होता आणि सुभेदार पहिल्यांदा माझ्या घरात आले. दारात उभे राहून बातम्या बघायचे. एका संध्याकाळी पडद्यावर रॉकेटची गाडी दाखवली. डोंगरांच्या पायथ्याशी ट्रक, नळ्या वर, आणि सूं सूं करत सगळी रॉकेटं सुटली. आम्ही टाळ्या वाजवल्या. सुभेदार टीव्हीला सांगत होते, "निघा. निघा आता. निघा रे!" पण बातमीवाल्यांना ट्रक निघताना दाखवायचा नव्हता. त्यांनी लगेच निवेदिका दाखवली. सुभेदारांचा जीव खालीवर. निघाले असतील ना, असं मला विचारायला लागले. मी काय सांगणार? म्हटलं, निघाले असतील, तुमचीच पोरं ती. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली, की वाटलं आता मुलीचं नाव काढावं. पण तोवर ते जिना उतरले होते.

नंतर काही वर्षांनी शहरातल्या एका मैदानावर लष्कराच्या सामानाचं प्रदर्शन भरलं. सगळं नाशिक लोटलं. सुभेदारांनी मला आणि काकूंना नेलं. तोफा, रणगाडे मागे टाकून ते सरळ त्या गाडीपाशी गेले. नवी होती. त्यांच्या वेळच्यापेक्षा कितीतरी मोठी, चाकंच माझ्या खांद्याला लागत होती. सुभेदार तिच्याभोवती फिरले. जमिनीला टेकवलेला लोखंडी पाय त्यांनी हातानं चाचपला. गाडीपाशी एक तरुण जवान लोकांना माहिती देत होता. पूर्वीपेक्षा किती लांब जातं ते सांगत होता. लोक "बाप रे" म्हणत होते.

सुभेदारांनी त्याला मी विचारला होता तोच प्रश्न विचारला. "बेटा, गिरा कहाँ, ये कौन देखता है?"

"अब दिखता है साब," तो उत्साहानं म्हणाला. "ऊपर बिना पायलट का छोटा जहाज घूमता है. जहाँ गिरा, वहाँ की तस्वीर यहीं पर्दे पर आ जाती है."

"सब दिखता है?"

"सब, साब."

काकू आणि मी उसाचा रस पिऊन आलो. काकूंच्या ओळखीच्या दोघी भेटल्या, त्यांच्याशी बोलून झालं, तरी सुभेदार तिथेच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एका जागी इतका वेळ उभं राहिलेलं बघितलं. परत येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले होते. द्वारका चौकात एकदाच म्हणाले, "आता दिसतं म्हणे." काकू म्हणाल्या, काय दिसतं? त्यांनी तोंड पुन्हा खिडकीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच स्कूटर बाहेर गेली आणि आम्ही नाश्ता करतोय तोवर परतही आली. आधी गाडी वळवणं, मागे ढकलणं झालं. मग सुभेदार ओट्यापाशी आले. चेहरा मोठं काम उरकून आलेल्या माणसाचा.

"सातपूरला जाऊन आलो," म्हणाले. "सांगून आलो तिला. चुकलं माझं म्हणून."

काकूंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. त्यांचे डोळे भरून आले. माझेही. "काय म्हणाली ती?" काकूंनी विचारलं.

सुभेदार गोंधळले. "ती? थांबलो नाही. गाडी चालू होती खाली."

असा संताप आला मला! एवढा डोंगर चढून गेलेला माणूस, आणि माफीसुद्धा रॉकेटसारखी सोडून पळ काढला. पण मी बोलायच्या आत काकू बोलल्या. त्यांना चिडलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. नंतरही नाही. आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"आयुष्यभर तुम्ही बोलून निघून गेलात," काकू म्हणाल्या. "उरलेलं समदं मी ऐकलं. गल्लीचं ऐकलं, भावकीचं ऐकलं, या बाईंचंबी ऐकलं. पण पोरीचं मी ऐकायची नाय. ते तुमचं हाये. जाऊन ऐका."

सुभेदार फाटकाकडे वळले. काकूंनी पुढे होऊन स्कूटरची चावी काढून घेतली आणि कमरेला खोचली. मग मला म्हणाल्या, "तुझ्या गाडीवर ने त्यांना. बसल्याशिवाय आणायचं नाय."

माझी गाडी बिनगिअरची, लेडीज म्हणावी अशी, आणि तिला दोन्ही आरसे. मागच्या सीटवर रॉकेट रेजिमेंटचा सुभेदार गुडघे आवळून बसला होता. मला हसायलाही येत होतं आणि धडधडतही होतं. सातपूरपर्यंत मला आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. ते आरशातूनच मागचा रस्ता बघत होते, जसा काही पहिल्यांदा दिसतोय. रविवार असूनही कुठलीतरी शिफ्ट सुटली होती, कामगारांच्या सायकली आणि मोटरसायकलींची गर्दी होती. एकदा ते म्हणाले, "बाई, सावकाश चालवा." इतक्या वर्षांत हे त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते.

मुलीचं घर कामगारांच्या वसाहतीत, पहिल्या मजल्यावर. जावई दुकानात गेले होते, नातीलाही बरोबर नेलं होतं. दार तिनंच उघडलं. तीही आता प्रौढ दिसत होती. केसात एक-दोन रुपेरी.

"चुकलं माझं," सुभेदार म्हणाले. सकाळचंच वाक्य, सकाळच्याच सुरात. आणि सवयीनं वळले.

मागे जिन्यात मी उभी होते. जिना अरुंद आणि मी काही बारीक नाही. मी हलले नाही.

"ते सकाळी ऐकलं मी, अण्णा," ती म्हणाली. "आता माझं ऐकून जा."

सुभेदारांनी बूट काढले. नाड्या नसलेले बूट काढायला असा कितीसा वेळ लागतो, पण त्यांना लागला. दारात ठेवले ते तोंडं बाहेरच्या बाजूला करूनच. तेवढी सवय सुटली नाही. मग दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसले. मी मोरीपाशी स्टुलावर टेकले.

ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली आणि बोलायला लागली. भांडत नव्हती. हळूहळू, एकेक सांगत होती. पहिल्या वर्षी रस्त्यावर स्कूटरचा आवाज आला की बिनआरशाची आहे का ते बघायला ती गॅलरीत यायची. बाळंतपणात फार त्रास झाला, तेव्हा हरसूलहून सासूबाई येऊन दवाखान्याच्या फरशीवर झोपल्या आणि डॉक्टरांनी माहेरचं कुणी आहे का विचारलं, तेव्हा काय सांगावं ते तिला कळेना. तिची मुलगी विचारते, तुझ्या अण्णांना मी आवडत नाही का, अजून बघितलंही नाही तरी? कारखान्यात कुणी फौजी भेटला की ती त्याच्याशी उगाच बोलत बसते. आईला दर शनिवारी खोटं बोलून यावं लागतं, याची तिला शरम वाटते. असं बरंच. जिथे जिथे त्यांचं ते वाक्य जाऊन पडलं होतं, ती एकेक जागा ती दाखवत होती. सुभेदार खाली बघत होते. मध्येच त्यांचा हात खुर्चीच्या हातावर घट्ट झाला. मला वाटलं, उठले आता. उठले नाहीत.

मग ती थांबली. पदरानं तोंड पुसलं.

"त्या दिवशी मी तुमच्या मागे पळत आले होते," ती म्हणाली. "नाक्यापर्यंत. मला एवढंच विचारायचं होतं. अण्णा, खरंच म्हणता का?"

म्हणजे माफी नाही आणि भांडणही नाही. काकू आणि मी, दोघीही चुकलो होतो.

"नाही," सुभेदार म्हणाले.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आरसे काढलेले होते गं."

ती आली आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. मी कोण कुणाची, पण मला हुंदका आवरेना. भिंतीकडे तोंड करून बसले.

थोड्या वेळानं ती उठली, आत गेली. आधण ठेवल्याचा आवाज आला, पातेलं वाजलं, गॅस पेटला. मी पटकन उभी राहिले, चावी हातात घेतली. म्हटलं, आता हे उठणार, यांना चहाच्या आत बाहेर काढलेलं बरं, निदान जे झालं ते तरी टिकेल. मी म्हणाले, "चला सुभेदार, निघू या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून तेव्हाच नीट बघितला. डाव्या भुवईत एक जुना व्रण होता, तो मला इतक्या वर्षांत दिसला नव्हता.

"तुम्ही निघा, बाई," सुभेदार म्हणाले. "मी थांबतो."

मी एकटीच परत आले. काकू फाटकात उभ्या होत्या. माझ्या मागची सीट रिकामी बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. "परत पळाले ना?" म्हणाल्या. "कुठं गेले?"

"कुठे नाही गेले," मी म्हटलं. "चहाला थांबलेत."

काकूंनी फाटकाची कडी धरली. मग तिथेच पायरीवर बसल्या. मी गाडी बंद केली आणि त्यांच्याजवळ बसले.

"उकळेपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"हो काकू," मी म्हटलं. "उकळेपर्यंत."